अकरा किलोमीटरचा खुलासा

खिळ्यावर तीन किल्ल्या.
एक बोलेरोची, जी पावसाळ्यापासून जॅकवर उभी आहे.
एक साहेबांच्या दौऱ्याची, म्हणजे नाहीच.
उरली पांढरी जीप, मागचं दार सुतळीनं बांधलेलं,
आणि सकाळपासून पाच गावांचे फोन.

तळोद्याचा वाहन कक्ष म्हणजे मी,
एक टेबल, लॉगबुकांची चळत,
आणि फक्त तीनवरच फिरणारा पंखा.

मोलगीच्या अंगणवाडीताई म्हणतात,
मॅडम, दोन पोरांच्या दंडाची पट्टी लालवर आली,
आज भरती व्हायलाच हवीत.
धडगावचे म्हणतात, शिबिराचे कागद आलेत,
माणसं फाट्यावर बसलीत पहाटेपासून.
अक्कलकुव्याच्या म्हाताऱ्यांचे अंगठे
मशीनवर उठत नाहीत, त्यांना इकडं आणा.

मी डोंगर कधी बघितला नाही नीट,
पण घाट मला पाठ आहे लिटरमध्ये.
कुबड्या जाताना पाठवायच्या,
येताना त्याच जागेत पोरं आणि त्यांच्या आया,
म्हाताऱ्यांना उद्या. नाही, परवा. उद्या मीटिंग.
रिकामी गाडी म्हंजे पाप शे, सुपडूभाऊ म्हणतो,
आणि काच पुसतो कालच्याच पेपरानं.

मग नाशिकहून लेखापरीक्षण आलं.
चौदा तारखेला मंजूर अंतर एकशे बारा,
मीटरप्रमाणे एकशे तेवीस.
अकरा किलोमीटरचा खुलासा करावा,
अन्यथा वसुली.

चौदा तारीख. मोगीबाई तडवी,
उजवा पाय गुडघ्यापर्यंत,
शिबिरात तीनचाकी सायकल मिळाली, निळी,
हँडलला अजून प्लास्टिक.
आदेशात लिहिलं होतं, फाट्यापर्यंत सोडणे.
फाट्याच्या पुढं साडेपाच किलोमीटर दगड,
दोनदा ओढा, आणि मग तिचा पाडा.
साडेपाच जायचे, साडेपाच यायचे.
हिशोब चुकलेला नव्हताच.

सुपडूभाऊनं सायकल टपावर बांधली.
पाड्यात पोचले तेव्हा दिवस कलला होता.
म्हणे, बाई घरात गेलीच नाही,
अंगणातच बसून राहिली त्या खुर्चीवर राणीसारखी,
पोरं घंटी वाजवून वाजवून दमली.
पण अंगण उताराचं. सायकल घरंगळायची महूच्या झाडाकडं.
मग त्यानं जीपमधला लाकडी गुटका काढला,
घाटात चाकामागं लावतात तो,
आणि ठेवला तिच्या चाकाखाली.
तसाच परतला. चांदसैलीच्या घाटात
ब्रेकवर पाय, तोंडात देवाचं नाव.

म्हणजे आता आक्षेप दोन.
डेड स्टॉक नोंदवही, अनुक्रमांक एकोणचाळीस,
गुटका, लाकडी, नग एक, गहाळ.

मी खुलासा लिहायला घेतला.
लिहिलं, रस्ता संपतो तिथे गाव नाही, महोदय,
गाव पुढं आहे.
वाचलं. फाडलं. असल्या वाक्याला रकाना नसतो.
सुपडूभाऊ टेबलाशी उभा, टोपी हातात.
लिखा, म्हणाला, मी रस्ता चुकनू.

सव्वीस वर्षं झाली या माणसाला.
धुक्यात, रात्री, बाळंतीण मागच्या सीटवर असताना,
एकदा तर हेडलाईट गेलेला असताना
हा माणूस एक वळण चुकला नाही.
मी लिहिलं, चालक रस्ता चुकला. त्यानं सही केली,
सावकाश, शाळेत गिरवतात तशी.

वसुली एकशे तीन रुपये.
त्यानं पन्नास दिले, मी त्रेपन्न,
पावती फाईलला लावली.
गुटका माझ्या भावानं बाभळीचा करून दिला,
त्यावर मी पांढऱ्या रंगानं एकोणचाळीस लिहिलं.
नग एक, आढळला.

पंखा तीनवर. फोन वाजतो.
मोलगी. मॅडम, तिसरं पोर सापडलं, वरच्या पाड्यात,
गाडी फाट्यापर्यंत आली तरी चालेल.
मी किल्ली खिळ्यावरून काढते
आणि मंजूर अंतराच्या रकान्यात
या वेळी आधीच अकरा जास्त लिहिते.